पाण्याची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जमाखर्चाची सवय असते. जमा झालेली रक्कम कुठेतरी खर्ची पडली पाहिजे, नाहीतर शिल्लक दिसली पाहिजे. पावसाच्या पाण्यालाही हाच नियम लागू पडतो, हे मला बडोद्यात कळले.

तिथे नागरवाड्यात माझी मावशी राहते. तळमजल्यावर तिचे पापड-मसाल्याचे छोटे दुकान आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली आणि बडोद्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. मावशीचा सगळा माल भिजला. तेव्हापासून पावसाने जोर धरला की तिचा एकच प्रश्न असतो, "अरे, पाणी किती वाजता येईल?" पोती वर चढवायला तिला तीन तास लागतात.

याचे उत्तर शोधायला पावागडावर जावे लागते, कारण विश्वामित्रीचा उगम तिथला. गेल्या पावसाळ्यात मी आणि मावसभाऊ तीनदा गेलो. बरोबर एक सरळ कडांचा डबा, पट्टी, दोरी, घड्याळ आणि चार करवंट्या. डब्यात जितके मिलिमीटर पाणी साचेल तितका पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे क्षुल्लक वाटतो. पण तोच एक चौरस किलोमीटरवर पडला की दहा लाख लिटर पाणी जमा होते!

मग ओढा मोजला. दहा मीटरच्या अंतरावर दोन दोऱ्या ताणल्या आणि करवंटी सोडली. तिला वीस सेकंद लागले. वरचे पाणी तळच्या पाण्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून हा वेग ०.८५ ने गुणायचा. पात्राची रुंदी तीन मीटर, सरासरी खोली चाळीस सेंटिमीटर. हिशेब आला सेकंदाला सुमारे पाचशे लिटर. तासापूर्वी तोच ओढा आम्ही दगडांवरून कोरड्या पायांनी ओलांडला होता.

खर्चाची बाजूही डोळ्यांनी दिसते. उघड्या कातळावरचे पाणी लगेच आणि गढूळ होऊन उतरते. झाडीतले उशिरा आणि नितळ येते. गडावरची दुधिया, छासिया, तेलिया ही तळी आणि पायथ्याच्या चांपानेरचा वडा तलाव ही तर शिल्लक ठेवण्याची जुनी खातीच. सयाजीराव महाराजांनी बांधलेला आजव्याचा तलाव हे त्याहून मोठे खाते.

पण खाते भरले की पुढची जमा थेट नदीत जाते. जूनचा पाऊस तहानलेली जमीन पिते. तितकाच पाऊस ऑगस्टमध्ये पडला तर भिजलेली जमीन तो घेत नाही आणि आजवाही भरत आलेला असतो. सखल जागा आणि कोतरे भरून घरे उठवली की शहरातले खातेही बंद होते.

म्हणून मावशीला ठरावीक तास सांगता आला नाही. तीन आकडे मात्र सांगितले: डोंगरावरचा पाऊस, आजव्याची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीची पातळी. तिने ते दुकानाच्या वहीत रोजच्या विक्रीशेजारी लिहायला सुरुवात केली आहे. पहिले दोन आकडे एकाच दिवशी चढले की तिसऱ्याची वाट न पाहता ती पोती उचलायला लागते.