बनी तो बनी…

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ मराठवाड्यात ही म्हण ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. बाहेर कुठे जमले तर उत्तम, नाही तर आपली परभणी आहेच, असा तिचा अर्थ परभणीकर मोठ्या खुशीने सांगतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; म्हणून म्हणीचा तोंडवळा उर्दू, पण आतला दिलासा अस्सल मराठी! १९९९ साली हिंगोली वेगळी निघाली आणि जिल्हा आटोपशीर झाला. काळीभोर जमीन, कापूस, तूर, ज्वारी आणि मधून वाहणारी गोदावरी. प्रवाशाने धावत यावे असे येथे काही नाही, असे म्हणणारे बहुधा जंक्शनवर गाडी बदलून पुढे गेलेले असतात.

गेल्या मार्गशीर्षात मी परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो तो गंगाखेडला उतरण्यासाठी. तेथून पुढे एका खेड्यात स्नेह्यांच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. बरोबर पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा होता. तुरीची पिवळी फुले खिडकीतून मागे पळत होती आणि हा पठ्ठ्या कानांत बोंडे घालून डोळे मिटून बसला होता.

“मामा, हे ऐका,” म्हणत त्याने एक बोंडूक माझ्या कानात घातले. ऐकतो तो काय! विहिरीवरच्या पंपाने सूर धरावा तसा एक अखंड घुमारा आणि त्याच्याभोवती ढोलांची न थांबणारी घोडदौड. डोके गरगरू लागले.

“गरगरायलाच हवं! याला सायकेडेलिक म्हणतात,” भाचा म्हणाला आणि त्याने हकिगत सांगितली.

न्यूयॉर्कमध्ये एका बँडमध्ये सिमियन कॉक्स नावाचा गवई होता. त्याने वाद्यांच्या ताफ्यात ऑसिलेटर आणला. ऑसिलेटर म्हणजे विजेच्या कंपनांतून सूर काढणारे, प्रयोगशाळेतले यंत्र. सोबत्यांना ते मानवले नाही. एकेक करून ते निघून गेले. उरला एकटा ढोलकरी, डॅनी टेलर. १९६७ साली या दोघांनी ‘सिल्व्हर ॲपल्स’, म्हणजे रुपेरी सफरचंदे, असे नाव घेतले. नाव आयरिश कवी येट्सच्या एका कवितेतले. सिमियनच्या यंत्रात पुढे नऊ ऑसिलेटर आणि शहाऐंशी कळा-चाव्या झाल्या. तो ते हातांनी, कोपरांनी, गुडघ्यांनी आणि पायांनी वाजवी! १९६८ साली पहिली रेकॉर्ड निघाली, १९६९ साली दुसरी. दुसरीच्या वेष्टनावर दोघे पॅन ॲम कंपनीच्या विमानात चालकांच्या जागी बसलेले आणि मागच्या बाजूला पडलेल्या विमानाचा सांगाडा! विमान कंपनीने दावा लावला. रेकॉर्ड दुकानांतून गेली, तिसरी अर्धवट पडून राहिली आणि १९७० साली जोडी फुटली.

“तीन वर्षांत कारभार आटोपला?” मी विचारले.

“तीनच वर्षं. पण पुढे विजेच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यांना गुरू मानलं.”

एवढ्यात पूल खडखडला, खाली गोदावरी दिसली आणि गंगाखेड आले. हे जनाबाईचे गाव. येथली पोर पंढरपुरी नामदेवाच्या घरी दासी म्हणून राहिली आणि तिचे अभंग आजही महाराष्ट्र गातो. घाटावर पाय धुऊन आम्ही खेड्याची वाट धरली.

रात्री अंगणात चौक मांडला गेला. पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्य, मधोमध कलश आणि भोवती ज्वारीच्या पाच ताटांचा मखर. गोंधळी दोघेच. वडीलधाऱ्या नाइकांच्या कमरेला संबळ. संबळ म्हणजे एकमेकांना जखडलेली एक लहान आणि एक मोठी अशी दोन वाद्ये, एक किणकिणते तर दुसरे घुमते. साथीला त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू, हाती तुणतुणे. एक काठी, एक नळकांडे, एक तार आणि एकच सूर! परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्याच शिराची आणि शिरांची वाद्ये केली आणि माहूरला आई रेणुकेपुढे वाजवली, तोच पहिला गोंधळ, असे गोंधळी सांगतात. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदासही याच परंपरेतला मानतात. आणि परभणीला तर गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदमांनी या कलेचे नाव दूरवर नेले.

दिवटी पेटली. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशी एकेक दैवते बोलावली जाऊ लागली. तुणतुण्याचा अखंड घुमारा आणि त्याभोवती संबळाची घोडदौड! भाच्याने माझा हात दाबला. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. दुपारी गाडीत ऐकले त्याचेच हे थोरले भावंड समोर उभे होते.

मध्यरात्री चहाला थांबले तेव्हा कळले की, नाइकांचे खरे जोडीदार त्यांचे मेहुणे. तीस वर्षे दोघांनी मिळून गावे केली. मेहुणे आख्यानात मधेच खोडी काढायचे, वेड्यासारखे प्रश्न विचारायचे, आणि त्यावरच नाइकांची कथा फुलायची. दोन वर्षांपूर्वी ते पुण्याला गेले. रात्रपाळीचे पहारेकरी झाले.

“भांडण झालं का हो?” मी विचारले.

“भांडण कशाचं? पोटाचं हाय, जी. चार लग्नांवर वरीस निघत न्हाई.”

घरातला एक उत्साही तरुण म्हणाला, “नाईक, तुणतुणं आता मोबाइलवर मिळतं. पोराला झोपू द्या.”

नाईक हसले. “मिळतं, बाबा. पन झील कोन धरंल? मला मधीच अडवून ‘मंग पुढं काय झालं’ म्हनून कोन इचारंल?”

तेव्हा भाच्याने सिल्व्हर ॲपल्सची उरलेली कथा नाइकांनाच सांगितली. १९९० नंतर जुन्या रेकॉर्डी पुन्हा निघाल्या, १९९८ साली दोघे पुन्हा भेटले आणि वाजवूही लागले. पण त्याच वर्षी दौऱ्यावर गाडी उलटून सिमियनची मान मोडली. डॅनी २००५ साली वारला. मग सिमियनने डॅनीचे जुने वादन यंत्रात भरले आणि मेलेल्या जोडीदाराच्या ठेक्यावर तो एकटा गात राहिला. २०२० साली तोही गेला.

नाईक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लई माया असंल त्येची. पन त्यांना यजमान कोन होता?”

प्रश्न साधा, पण माझ्या मनात तो घर करून राहिला. न्यूयॉर्कच्या त्या दोघांना ऐकणारे होते, विकणारे होते. ‘आमच्या घरी लग्न झाले, आता तुम्ही यायलाच हवे’ असे म्हणणारे घर नव्हते. एक दावा लागला आणि जोडी फुटली. गोंधळ्यांची जोडी शतकानुशतके टिकली ती केवळ कलेवर नव्हे, तर घराघरांतल्या कुळाचारावर. तो कुळाचार चार तासांत आणि चार नोटांत उरकू लागला की संबळ आणि तुणतुणे यांची गाठ कोण बांधून ठेवणार?

पहाटे आरती झाली. यजमानांनी बिदागी आणि धान्य दिले. नाइकांनी ओसरीवर बसून नोटा मोजल्या, दोन सारखे भाग केले आणि एक भाग कागदात गुंडाळून नातवाच्या खिशात घातला.

“पोराचा वाटा का?” भाच्याने विचारले.

“न्हाई. मेव्हन्याचा. त्यो पुन्यात असला म्हनून काय झालं? गाव दोघांचं हाय, यजमान दोघांचे हाईत.”