नाव बदललं, कॉलम सरकले!

“एक नाव बदलायला आठवडा लागतो?” बाबांनी फोनवर विचारलं. ते हर्सूलला, मी हिंजवडीत. आता त्यांना काय सांगू?

माझं काम एएस-४०० वर, भाषा आरपीजी. (जावा शिकलेल्या मुलीच्या वाट्याला हे यावं, नशीब!) ही बाई १९५९ ची, पंचकार्डांच्या जमान्यातली. त्यामुळे जुन्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. सहाव्या कॉलमात ‘डी’, सातव्यापासून नाव, चाळिसाव्यात डेटाचा प्रकार. एक स्पेस इकडची तिकडे झाली की कंपायलर रुसला! लहानपणी बाबा बँकेचे फॉर्म भरून घ्यायचे, “एका चौकटीत एकच अक्षर!” अगदी तसंच.

२०१३ मध्ये आयबीएमने ही डेफिनिशन्स फ्री-फॉर्ममध्ये लिहायची सोय दिली. ‘डीसीएल-एस’, मग नाव, मग ‘कॅर’ आणि कंसात लांबी. बस्स! मी अर्थातच फ्रीवाल्या पार्टीत.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये आमचं शहर छत्रपती संभाजीनगर झालं. औरंगाबादची इंग्रजी अक्षरं मोजून बघा, बरोब्बर १०. कुणीतरी कधीकाळी शहराचं फील्डही १० चंच ठेवलेलं. नवं नाव स्पेस धरून २५! टेस्टिंगला मी आमच्याच घरचा पत्ता टाकला, तर संभाजीनगर गायब आणि ‘छत्रपती’मधला शेवटचा ‘आय’सुद्धा गळालेला.

फाइल, स्क्रीन, रिपोर्ट यांची कटकट वेगळीच. पण डेटा स्ट्रक्चरमध्ये जुन्या मंडळींनी थेट जागांचे आकडे लिहिले होते. शहर ६१ ते ७०, पिनकोड ७१ ते ७६, रक्कम ७७ ते ८३. शहर फुगलं की पुढची अख्खी रांग १५ घरं सरकवायची, तीही हाताने. म्हटलं, त्यापेक्षा सगळं फ्री-फॉर्मच करते. तिथे नुसती लांबी लिहायची, रांग आपोआप लागते.

आणि तिथेच माती खाल्ली. रकमेसमोर प्रकाराचा कॉलम कोरा होता. मी बिनधास्त ‘पॅक्ड’ लिहिलं. सुट्या व्हेरिएबलला कोरं म्हणजे पॅक्डच असतं ना! पण डेटा स्ट्रक्चरच्या आत कोरं म्हणजे ‘झोन्ड’. सात अंकांना झोन्ड सात बाइट घेतं, पॅक्ड चारच. ७७ ते ८३, सात घरं डोळ्यांसमोर होती, तरी दिसली नाहीत. टेस्ट रनला प्रोग्राम ‘डेसिमल डेटा एरर’ देऊन आडवा.

“अगं, विसरून कोरं नाही सोडलं त्यांनी,” सिनिअर सर म्हणाले. “कोरं म्हणजेच झोन्ड.”

मी अजूनही फ्री-फॉर्मचीच फॅन. तिथे झोन्ड हवं तर झोन्ड असं लिहावंच लागतं, मागाहून येणाऱ्याला ओळखत बसायला नको. पण आता जुनी डेफिनिशन बदलण्याआधी तिची प्रिंट काढते आणि चक्क पट्टी लावून कॉलम मोजते.

बाबांना एवढंच सांगितलं, “तुमच्या त्या चौकटींचंच काम आहे.”

“मग कॅपिटलमध्ये लिही,” ते म्हणाले.