आंबटालाही न भिणारी बुरशी

आपल्या घरांत आंबट म्हणजे स्वच्छ, असं एक साधं समीकरण असतं. तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, नळावरचे पांढरे डाग लिंबाने जातात, केसांतल्या कोंड्यालाही लिंबूच. त्यामुळे नाजूक जागी खाज सुटली तरी पहिला सल्ला आंबटाचाच मिळतो. लिंबाच्या पाण्याने धू, ताक लाव, पाण्यात थोडं व्हिनेगर टाक.

माझ्या आईलाही हेच सल्ले मिळाले. आम्ही वडोदऱ्यात राहणारे मराठी. आईच्या भिशीत मराठी बायका आहेत, गुजराती आहेत. भाषा वेगवेगळ्या, पण उपाय एकच. वर्षभरात चार वेळा तिला हा त्रास झाला. खाज, लघवीच्या वेळी जळजळ आणि फुटलेल्या दह्यासारखा पांढरा स्राव. प्रत्येक वेळी तिने कुणाला न सांगता दिवस काढले. एकदा रात्री तीन वाजता ती गॅलरीत फेऱ्या मारताना दिसली, तेव्हा मला कळलं.

“काही नाही गं, या वयात व्हायचंच,” ती म्हणाली. आई ४६ वर्षांची आहे.

तिला डॉक्टरांकडे नेण्यात दोन आठवडे गेले. “त्यांना सांगू काय? लाज वाटते,” हे तिचं ठरलेलं उत्तर. खरं तर दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. इतक्या जणींना होणाऱ्या आजाराची एवढी लाज का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी तपासताना एक कागदी पट्टी वापरली आणि तिचा रंग आम्हाला दाखवला. “पीएच ४ आहे. आम्लता हवी तेवढी आहे, तरीही सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट दिसतंय,” त्या म्हणाल्या. म्हणजे तिथे आंबटपणा कमी नव्हताच. मग आणखी लिंबू ओतून काय होणार होतं?

मी इंग्रजी साहित्यात बीए केलेली कंटेंट रायटर. विज्ञानाची आणि माझी दहावीनंतर ताटातूट झालेली. पण त्या पट्टीने मला वाचायला बसवलं.

पीएच ७ म्हणजे ना आम्ल, ना अल्कली. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. प्रजननक्षम वयात योनीमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. तिथले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे बरेच घातक जिवाणू वाढू शकत नाहीत. कॅन्डिडा अल्बिकान्स हे यीस्ट मात्र या आम्लात टिकतं. एवढंच नाही, ते जठरातल्या तीव्र आम्लातून तगून आतड्यात राहू शकतं आणि ७.४ पीएचच्या रक्तातही वाढू शकतं. तसं याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरातही येतो. आंबट लोणच्यावरही कधीकधी बुरा येतोच की!

हे यीस्ट तगतं कसं? त्याच्या पेशीच्या पटलावर एक पंप असतो. आम्ल आत शिरलं की हा पंप आम्लाचे कण बाहेर फेकत राहतो, गळक्या होडीतून पाणी उपसावं तसं. उरलेले कण पेशीच्या आतल्या एका पिशवीत कोंडले जातात.

दुसरी युक्ती कपडे बदलण्याची. पेशीची भिंत नीट ठेवण्यासाठी तिच्याकडे दोन जनुकं आहेत. एक आम्लात काम करतं, दुसरं आम्ल नसलेल्या जागी. उंदरांवरच्या प्रयोगात आम्लातलं जनुक काढून टाकलं, तेव्हा हे यीस्ट योनीमार्गात संसर्ग करू शकलं नाही, पण रक्तातून शरीरभर पसरू शकलं. दुसरं जनुक काढलं, तर नेमकं उलट झालं.

तिसरी युक्ती सर्वांत धूर्त. साखर मिळाली नाही तर ते अमिनो आम्लं खातं आणि अमोनिया बाहेर सोडतं. त्याने भोवतालचं आम्लच कमी होतं. आम्ल उतरलं की त्याच्या गोल पेशींना लांब तंतू फुटतात. आपल्या रक्षक पेशीने गिळून आपल्या पोटातल्या आम्लात कोंडलं, तरी ते याच मार्गाने सुटू पाहतं.

हा पंप फुकट चालत नाही. त्याला ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः साखरेतून मिळते. हे वाचताना डॉक्टरबाईंनी त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला लागला. “शेवटची शुगर कधी तपासली होती?” आईने कधीच तपासली नव्हती. उपाशीपोटी १८६ निघाली. पुन्हा तपासली, तरीही जास्तच. १२६ किंवा त्यापुढे म्हणजे मधुमेह. रक्तात साखर वाढली की यीस्टला खाऊ मिळतो आणि शरीराची लढण्याची ताकदही कमी होते. आई वर्षभर खाजेवर उपाय शोधत होती. तिचं शरीर मात्र दुसरंच काही सांगत होतं.

म्हणून मैत्रिणींनो, लिंबू आणि व्हिनेगर स्वयंपाकघरातच राहू द्या. ते यीस्ट मारत नाहीत, नाजूक त्वचा मात्र भाजते. आतून धुण्याने चांगले जिवाणूही कमी होतात. दही जरूर खा, पण ते लावायचं औषध नाही. प्रत्येक पांढरा स्राव यीस्टचा नसतो, त्यामुळे मेडिकलमधून अंदाजाने गोळी आणू नका. गरोदरपणी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर त्रास सुरू झाला असेल तर तसं सांगा. वर्षात तीन-चारदा हे झालं तर साखर तपासाच.

आईचं औषध पूर्ण झालं. साखरेच्या गोळ्या सुरू आहेत, संध्याकाळचं चालणंही. गेल्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा आई बायकांना विचारत होती, “तुमच्यापैकी शुगर कुणीकुणी तपासली आहे?” दोन हात वर झाले. उरलेल्या सहाजणींची नावं आईने भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.