वेचणी आपली, मुदत त्यांची

कापूस वेचतोय, पण डोक्यात आयात शुल्क फिरतंय.

ऑस्ट्रेलियाशी करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात वर्षाला ५१ हजार टन कापूस शुल्काविना येतो, म्हणजे १७० किलोच्या तीन लाख गाठी. त्याचा मला फार राग नाही. आकडा आधीच माहीत असतो, लावताना हिशोब धरता येतो.

पण १९ ऑगस्ट २०२५ पासून ११ टक्के शुल्कच काढलं. कुठल्याही देशाचा, कितीही येऊ द्या! आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेनं आपल्या कपड्यावर ५० टक्के लावलं, गिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे, हे कळतं. पण ऑगस्टात केजकडं कपाशी पाते-फुलावर होती. खत पडलेलं, औषधाची उधारी झालेली. मोडून काय पेरणार होतो?

आता व्यापारी म्हणतो, ‘बाहेरचा माल आलाय.’ त्यात सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली.

२०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८११० ठरला, पण ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच. पुढं टक्क्यामागं ८१ रुपये कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. म्हणून ताडपत्रीवर वाळवतोय. कपास किसान ॲपवर नोंद केलीय.

तुमच्याकडं ओलावा किती भरतोय?