पाठ कोरडी करणं

पावसाळ्यात घोड्याची पाठ तपासताना डोळ्यांचं काम नंतर, आधी तळहाताचं. केस ओले आणि चपटे झालेले असतात, वरून सगळं ठीक दिसतं. केसांच्या उलट दिशेनं हात फिरवला की मणक्याच्या दोन्ही बाजूंना, पुठ्ठ्यावर, खोगिराच्या जागी खडबडीत गाठी लागतात. घोडा जुहूचा असेल तर मालक हमखास म्हणतो, “वाळू आहे हो डॉक्टर, चौपाटीची.” वाळू झटकली की पडते, ही पडत नाही. एखादी गाठ चिमटीत धरून हलकेच उचलली की केसांचा झुबका मुळासकट हातात येतो. त्याच्या बुडाशी खपली असते आणि आकार थेट रंगाच्या ब्रशचा. खाली उघडी पडलेली गुलाबी कातडी आणि पिवळसर पू. घोडा अंग घासत नाही, खाजवत नाही. तो पाठ दबवतो आणि कातडी थरथरवतो. ही खाज नाही, हे दुखणं आहे, एवढं मालकाला पटलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

हा उद्योग जिवाणूचा, बुरशीचा नव्हे. नाव डर्माटोफिलस काँगोलेन्सिस. व्हॅन सासेगेम यांनी 1915 मध्ये बेल्जियन काँगोमधल्या गुरांच्या कातडीवर त्याचं पहिलं वर्णन केलं. तो फांद्या फुटलेल्या धाग्यांच्या रूपात वाढतो, त्यामुळे जाणत्यांनीही त्याला बरीच वर्षं बुरशीत मोडलं. मग मालकानं केमिस्टकडून नायट्याचं मलम आणलं तर त्याला काय बोलणार? मी खपली थेंबभर पाण्यात भिजवून काचपट्टीवर दाबतो, वाळवतो आणि गिम्सा रंग देतो. सूक्ष्मदर्शकाखाली गोल ठिपक्यांच्या समांतर रांगा दिसल्या की शंका उरत नाही. कोरड्या खपलीत हा प्राणी महिनोन्महिने निपचित पडून राहतो. पाणी लागलं की त्यातून शेपटीवाले बीजाणू सुटतात आणि ओल्या कातडीवर पोहत पसरतात. धडधाकट कातडीत मात्र त्यांना शिरता येत नाही. त्यांना वाट लागते: माशीचा चावा, तंग घासून सोललेली जागा, किंवा दिवसेंदिवस भिजून मऊ पडलेली कातडी.

जुहूत ही शेवटची वाट जून ते सप्टेंबर उघडीच असते. सगळ्यात जवळची वेधशाळा सांताक्रूझची. तिथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो आणि 26 जुलै 2005 ला तर एका दिवसात 944 मिलिमीटर झाला होता. पण घोड्याच्या कातडीपुरतं बोलायचं तर मला अशा दिवसाची धास्ती वाटत नाही. मुसळधार सर येते, घोडा निथळतो, वाळतो. रिपरिप मात्र आठ-आठ दिवस चालते. तेवढ्यात पत्र्याच्या गळक्या शेडमध्ये ना पाठ वाळते ना झूल. त्यावर मालक मायेनं प्लास्टिकची ताडपत्री पांघरतो. आत घाम साचतो, आणि बाहेरच्या पावसापेक्षा तो घाम जास्त नुकसान करतो. भिजणाऱ्या घोड्याला उघडं ठेवा असं सांगणारा डॉक्टर लोकांना निर्दयी वाटतो, त्याला इलाज नाही.

चौपाटीवरच्या मोतद्दारांचा समुद्रावर फार विश्वास. घोड्याच्या अंगावर काही उठलं की त्याला लाटांत नेऊन उभं करायचं, खारं पाणी सगळं साफ करतं. जानेवारीत मी यावर वाद घालत नाही, जुलैत घालतो. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात घराघरांतली मिठाची बरणी पाणी सोडते ती त्यामुळेच. तेच मीठ केसांच्या मुळाशी बसलं की पाऊस थांबला, छप्पर मिळालं, तरी पाठ ओलीच. म्हणून पावसाळ्यात समुद्र बंद. नेलंच तर परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं. यावर उत्तर येतं की गोडं पाणी टँकरचं असतं. उत्तर खोटं नाही.

दुसरा वाद तेलाचा. खोबरेल, करंज तेल, आणि काहीच नसेल तर गाडीचं जळकं ऑइल. जळक्या ऑइलनं कातडी भाजते, त्याबद्दल बोलायलाच नको. करंज तेलाला मी एरवी नावं ठेवत नाही, माश्या दूर राहतात. पण ओल्या खपलीवर तेलाचा थर बसला की खालची ओल कोंडते, आणि जिवाणूला हवं असतं ते नेमकं तेच. चकाकणारी पाठ बघून मालक खूश होतो. मला मात्र पुढच्या आठवड्याची पाठ आताच दिसत असते.

उपचारात गुपित काही नाही. घोडा आधी पावसाबाहेर आणायचा. जागा फार पसरली असेल तर केस कापायचे. दोन ते चार टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन लावून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. हा दहा मिनिटांचा धीर फारच थोड्यांकडे असतो. लावलं आणि लगेच धुतलं तर औषध नाल्यात जातं. खपल्या भिजून सैल झाल्या की सहज निघतील तेवढ्याच काढायच्या. ओरबाडून काढल्या तर घोडा लाथ मारतो, आणि त्यात त्याची चूक नसते. मग धुऊन जुन्या सुती धोतरानं टिपायचं, पंखा लावायचा. आठवडाभर रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. ताप आला, पाय सुजले, पू वाढला तर पेनिसिलिन, तेही डॉक्टरच्या हातानं. हातमोजे घालायचे, कारण हा जिवाणू माणसालाही लागतो. काढलेल्या खपल्या शेडमध्येच टाकायच्या नाहीत. आणि दणकून खरारा करण्याची हौस पावसाळ्यात आवरायची. ओल्या कातडीवरचा खरारा तिला ओरखडे काढतो आणि तिच्यावरचं नैसर्गिक तेलही काढून टाकतो.

या सगळ्यात पंख्याइतकं खात्रीचं औषध मला दुसरं दिसलेलं नाही. कोरडी जागा मिळाली तर हा रोग बऱ्याचदा आपणहून उतरतो. महालक्ष्मीच्या शर्यतींचा मोसम हिवाळ्याचा. पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात आणि घोडेही तिकडे जातात. कारण शर्यतीचं असलं तरी फायदा पाठीलाही होतो. मराठ्यांची फौजही पावसाळ्यात छावणीला बसायची आणि दसऱ्याला बाहेर पडायची. चिपळूणजवळच्या छावणीला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा, वैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असा त्यातला इशारा. त्यात कातडीचा विषय नाही, पण पावसाळ्याची सोय उन्हाळ्यात करावी लागते हे त्या पत्रातून जितकं स्पष्ट कळतं तितकं माझ्या पाठ्यपुस्तकांतून कळलं नाही.

जुहूच्या घोड्याला ना पुणं आहे ना छावणी. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हौसेच्या फेऱ्यांच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, आणि डांबरावर पाय झिजवणाऱ्या घोड्यांसाठी ते बरंच झालं असं माझं मत आहे. पण धंदा आटला की मालक पहिला हात घालतो तो छपराच्या खर्चाला. गळका पत्रा आणखी एक पावसाळा चालवून घेतला जातो, आणि त्याचा हिशेब घोड्याच्या पाठीवर दिसतो. मे महिन्यात कोणाच्या तबेल्यात गेलो तर मी घोडा नंतर बघतो, आधी छप्पर बघतो आणि जमिनीचा उतार बघतो.

ऑक्टोबरात नवे केस येतात. दसऱ्याला घोडे सजतात, तुळशीचं लग्न लागलं की वरातींची मागणी सुरू होते आणि खोगीर चढवायची घाई होते. केस आले म्हणजे कातडी बरी झाली असं नसतं. अंगठ्यानं दाबल्यावर घोडा पाठ दबवत असेल तर खोगीर नाही. खरं भांडण मात्र होतं खोगिराखालच्या नमद्यावरून. त्यात गेल्या पावसाळ्याच्या खपल्या अडकलेल्या असतात. मालक म्हणतो, “चांगलं कडक ऊन दाखवतो.” उन्हात वाळवून हा जिवाणू मरेल याचा भरवसा नाही, कोरडेपणात तर तो मजेत झोपतो. म्हणून कापडी असेल ते उकळायचं, ब्रश जंतुनाशकात बुडवून ठेवायचे आणि प्रत्येक घोड्याचा ब्रश वेगळा. उकळीला टिकणार नाही असा जाड नमदा मी जाळायला सांगतो. नव्याचे पैसे कुठून आणायचे यावर बराच वेळ जातो. शेवटी बहुतेक जण जुनं सुती ब्लँकेट घडी करून वापरायला तयार होतात. ते दर आठवड्याला उकळता येतं, त्यामुळे माझी त्याला हरकत नसते.