एकाच नावाचे दोन फोल्डर

एलफाइंडर या वेबवरच्या फाइल मॅनेजरचं प्लगइन चालू करायचं म्हणजे ‘एनेबल’पुढे ‘ट्रू’ लिहायचं, एवढंच हल्ली शिकवतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीनंही तेच केलं होतं. पण प्लगइनला हाक मारणाऱ्या ‘बाइंड’ सेटिंगमध्ये, नावं एका रूपात आणणाऱ्या नॉर्मलायझर प्लगइनची ओळच नव्हती, मग त्याला बोलावणार कोण? ओळ घातली, सर्व्हरवर पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन आहे ना तेही पाहिलं. ते नसलं तर नॉर्मलायझर नाव आहे तसंच सोडून देऊ शकतो. एवढं झाल्यावर तिनं विचारलं, “सर, तरी ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ हा फोल्डर दोनदा कसा तयार झाला?”

तेव्हापासून तो ‘ऱ्य’ माझ्या डोक्यातून जात नाही. कुणी ऱ हे एकच अक्षर टाइप करतो, युनिकोडमधलं ०९३१. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लसवरून तेच र आणि नुक्ता असं सुटं होऊन येतं. या दोघांना नॉर्मलायझर एक करतो. जपानीलाही हेच दुखणं आहे, आणि हे प्लगइन लिहिलंय नाओकी सावादांनी. पण आपल्याकडे तिसरी तऱ्हा आहे: र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक, २००डी. पडद्यावर तोच ‘ऱ्य’, पण नॉर्मलायझरचे एनएफसी काय, एनएफकेसी काय, दोन्ही प्रकार त्या जोडकाला हातही लावत नाहीत. शोधात एक फोल्डर सापडतो, दुसरा नाही.

यावर बरेच जण नावं रोमनमध्येच ठेवायला लावतात. मला ते मुळीच मान्य नाही. अर्जांच्या फोल्डरला तलाठ्यानं मराठीत दिलेलं नाव मराठीतच राहिलं पाहिजे.

उपाय नॉर्मलायझरच्याच ‘कन्व्हमॅप’ सेटिंगमध्ये आहे: डावीकडे जोडकवाला र, उजवीकडे ऱ आणि हलन्त. जोडक दिसत नाही म्हणून तो संकेतानं लिहायचा, आणि दुहेरी अवतरणातच; एकेरीत पीएचपी त्याला साधा मजकूर समजतं. मुलगी लिहायला बसली होती. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. ही ओळ माझ्या हातची असावी, असं मला फार वाटलं.

डिस्कवरची जुनी नावं यानं बदलत नाहीत. त्यासाठी आधी बॅकअप, मग वेगळी स्क्रिप्ट. आणि दोन्ही फोल्डरांत एकाच नावाची फाइल निघाली, तर ती माणसानंच उघडून पाहायची. ती स्क्रिप्ट आता मुलगी लिहितेय.