प्रवाळावरचा पांढरा डाग : मत्स्यालयातील कीड, ऊतिक्षय आणि निदान

कठीण प्रवाळाची फांदी हाताला दगडासारखी लागत असली, तरी तिचा जिवंत भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या सांगाड्यावर पसरलेला ऊतींचा, म्हणजे पेशीसमूहांचा, अतिशय पातळ थर असतो. तोंडाभोवती स्पर्शिकांचे कडे असलेले पॉलिप नावाचे असंख्य सूक्ष्म जीव या थराने परस्परांशी जोडलेले असतात आणि त्यांच्या पेशींत वस्तीला असलेली झूझँथेली ही एकपेशीय शैवले प्रकाशसंश्लेषण करून त्यांच्या अन्नाचा मोठा वाटा उचलतात. हा थर नखाने सहज ओरखडला जावा इतका नाजूक असल्यामुळे समुद्री मत्स्यालयात तो सांगाड्यावरून सुटू लागला, की कधी काही तासांत, तर कधी काही आठवड्यांत अख्खी वसाहत हातची जाते. अशा वेळी पाण्यात औषध ओतण्याची घाई होते. वास्तविक, पांढरा पडलेला भाग कोठून सुरू झाला आणि कोणत्या वेगाने पसरत आहे, हे पाहिल्याशिवाय केलेला उपचार बहुधा वाया जातो.

पहिला भेद विरंजन आणि ऊतिक्षय यांतला करावा लागतो. विरंजनात उष्णतेमुळे किंवा अतिप्रकाशामुळे झूझँथेली बाहेर टाकली जातात, ऊती पारदर्शक होतात आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. मात्र पॉलिप जिवंत असतो, भिंगातून पाहिल्यास त्याच्या स्पर्शिका दिसतात आणि परिस्थिती सुधारली तर रंग परत येऊ शकतो. ऊतिक्षयात सांगाडा खरोखरच उघडा पडतो, पॉलिप ज्या खळग्यात बसलेला असतो त्याच्या धारदार कडा स्पष्ट दिसतात आणि काही दिवसांतच त्यावर शेवाळाचा हिरवट थर चढतो. शेवाळाने झाकलेला भाग जुना आणि लखलखीत पांढरा भाग ताजा असल्याने, शेवाळ आणि जिवंत ऊती यांमधील पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीवरून ऱ्हासाचा वेग चांगला समजतो.

दुसरा भेद डागांच्या मांडणीवरून करता येतो. ॲक्रोपोरा या शाखायुक्त प्रवाळावर मिलिमीटरभर रुंदीचे फिकट गोल ठिपके विखुरलेले असतील, तर चपटकृमीचा संशय घ्यावा. माँटिपोरा या बहुधा तबकासारख्या वाढणाऱ्या प्रवाळाची कड किंवा खालची बाजू कुरतडल्यासारखी पांढरी होत असेल, तर त्यावर जगणारी कवचहीन समुद्री गोगलगाय शोधावी. ऊती बुडापासून सावकाश वर सरकत जात असतील, तर प्रवाह, प्रकाश आणि पाण्याचे रसायन तपासावे.

यांपैकी ॲक्रोपोरा खाणारा चपटकृमी पालकांना सर्वाधिक छळतो. त्याचे शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये मत्स्यालयांतील नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले. आज तो प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी या नावाने ओळखला जातो आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील लिझर्ड बेटाजवळही तो आढळला. पानासारखा चपटा असा हा जीव प्रवाळाच्या ऊती खातो, तेव्हा त्यांतील शैवले आणि रंगद्रव्ये त्याच्या शरीरात जातात, त्यामुळे तो ज्या फांदीवर बसतो तिच्याच रंगाचा दिसतो आणि सरावलेल्या नजरेलाही चुकवतो. तो शोधायचा असेल, तर फांदी टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या भांड्यात धरून रबरी पिचकारीने जोरात पाणी मारावे. कृमी सुटून पांढऱ्या तळावर पडले, की ओळखू येतात. अंडी मात्र पाण्याच्या माऱ्याने निघत नाहीत, कारण सोनेरी-तपकिरी कोशांचे पुंजके बुडाशी, ऊती गेलेल्या उघड्या सांगाड्यावर घट्ट चिकटवलेले असतात आणि एकेका कोशात एकाहून अधिक भ्रूण असतात.

उपचाराची सारी मेख या अंड्यांत आहे. प्रवाळ काही मिनिटे औषधी द्रावणात बुडवून काढण्याच्या पद्धतीला येथे ‘औषधी स्नान’ म्हणू. त्याने प्रौढ कृमी सुटतो किंवा मरतो, परंतु कोशाच्या आतील भ्रूणावर फारसा परिणाम होत नाही. सत्तावीस अंश सेल्सिअसच्या सुमारास हे कोश साधारण दीड ते दोन आठवड्यांत उबतात, अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचे चक्र पाच ते सहा आठवड्यांत पूर्ण होते आणि पाणी थंड असेल तर हा काळ लांबतो. म्हणूनच एकदाच दिलेल्या कडक मात्रेपेक्षा ठरावीक अंतराने दिलेली सौम्य स्नाने अधिक उपयोगी ठरतात; दोन स्नानांतील अंतर पिलू वयात येण्याच्या काळापेक्षा कमी असावे आणि हा क्रम शेवटचे अंडे उबून जाईपर्यंत थांबू नये. सोबत बुडाचा उघडा भाग अंड्यांसकट कापून टाकला, तर निम्मे काम तेथेच होते. कृमी ॲक्रोपोरावाचून जगत नसल्याने मुख्य टाकी या प्रवाळाविना रिकामी ठेवण्याचाही उपाय आहे. मात्र खडकावर पसरलेला ॲक्रोपोराचा लहानसा जिवंत पापुद्रा राहिला, तरी कृमीची सोय होते.

माँटिपोरावरील पांढऱ्या गोगलगाईलाही हाच न्याय लागू पडतो, कारण तिचीही अंडी स्नानाला दाद देत नाहीत. टेगॅस्टिस ॲक्रोपोरॅनस हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, पिवळसर अंगावर लाल ठिपका असलेला कवचधारी जीव मात्र वेगळ्या वर्गातला आहे. त्याच्यामुळे सांगाडा उघडा पडत नाही, तर रंग फिका होतो आणि पॉलिप आक्रसतात. कुत्र्यांच्या हृदयकृमीवर दिले जाणारे मिल्बेमायसिन ऑक्झिम हे औषध त्याच्यावर प्रभावी ठरते. पण तेच टाकीतील कोळंबी आणि खेकडेही मारते, म्हणून त्यांना आधी बाहेर काढावे लागते.

कीड सापडली नाही आणि तरी ऊती सोलून निघत असतील, तर कारण पाण्यात किंवा सूक्ष्मजीवांत असते. पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची आणि सांगाड्यासाठी कार्बोनेट पुरवण्याची क्षमता, हे त्यांतील नाजूक कलम होय. डिग्री केएच या मापात नैसर्गिक समुद्रजलात ती सातच्या आसपास असते आणि टाक्यांत सात ते नऊच्या दरम्यान ठेवली जाते. मात्र एखाद्या आकड्याचा हट्ट धरण्यापेक्षा तो आकडा रोज स्थिर राखणे प्रवाळाला अधिक मानवते. काही तासांत फांदी सोलणाऱ्या शीघ्र ऊतिक्षयात व्हिब्रिओ गटातील जीवाणू आणि मृत ऊतींवर तुटून पडणारे, सूक्ष्म केसांनी पोहणारे एकपेशीय सिलिएट आढळतात. पण ते मूळ कारण की दुबळ्या प्रवाळावर झालेली नंतरची चढाई, हे दर वेळी सांगता येत नाही. अशा वेळी ऱ्हासाच्या रेषेपासून पुरेसे वर, निरोगी भागात छेद घेऊन तुकडे वेगळे करणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. एका निरोगी तुकड्यापासून वसाहत पुन्हा वाढू शकते, म्हणून येथे कात्री लवकर चालवणे हिताचे असते.

या सर्व उपचारांपेक्षा स्वस्त उपाय विलगीकरणाचा आहे. नवा प्रवाळ किडीचे किमान एक पूर्ण चक्र उलटेपर्यंत स्वतंत्र टाकीत ठेवावा, ज्या चकतीवर तो चिकटवून आलेला असतो ती फेकून द्यावी आणि दर आठवड्याला भिंगाने त्याचे बूड तपासावे. सहा पट्ट्यांचा रास मासा चपटकृमी टिपतो आणि लिस्माटा वंशातील कोळंबी कृमींबरोबर अंडीही खाते, असे प्रयोगांत दिसले आहे. तथापि हे जीव किडीची संख्या आटोक्यात ठेवतात, तिचे निर्मूलन करतीलच असे नाही.

या ज्ञानाचे मोल काचेच्या पेटीपुरते नाही. फ्लोरिडात मायामीजवळ २०१४ मध्ये प्रथम दिसलेल्या कठीण प्रवाळांच्या ऊतिक्षय रोगाने वीसहून अधिक जातींना ग्रासले आणि तो पुढे कॅरिबियन समुद्रात पसरला. तेथे पाणबुडे अमॉक्सिसिलिन मिसळलेले मलम जखमेच्या कडेवर लावतात. त्या जखमेची वाढ बहुधा थांबते, पण त्याच वसाहतीवर नव्या जखमा उद्भवू शकतात. म्हणून रोगाची लाट पोहोचण्यापूर्वीच निरोगी वसाहती उचलून अमेरिकेतील मत्स्यालयांत सुरक्षित ठेवण्यात आल्या. या वसाहतींची जोपासना करताना कीड ओळखणे, अल्कता स्थिर राखणे आणि नव्या प्रवाळाला वेगळे ठेवणे ही हौशी पालकांनी आणि मत्स्यालयांनी घोटून घेतलेली शिस्तच कामी येते. फ्लोरिडा ॲक्वेरियमने २०१९ मध्ये स्तंभप्रवाळाचे प्रजनन प्रयोगशाळेत घडवून आणले, त्यामागेही अशाच जोपासनेचे बळ होते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून कठीण प्रवाळांचा समावेश असल्याने, त्यांना समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. मराठी वाचकाला हे प्रवाळ आपल्याच किनाऱ्यावर, १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या पाण्यात, पाहता येतात. तेथे पोहायला उतरणाऱ्याने प्रवाळावर पाय देऊ नये, हात लावू नये, आठवण म्हणून तुकडा तोडू नये आणि वसाहतीवर ताजा पांढरा पट्टा दिसला तर त्याचे छायाचित्र काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवावे.